दारावरचे संत: अल्फोन्सो रॉड्रिग्ज



ऑक्टोबर संपत आला की आपल्या दफनभूमीकडची वर्दळ वाढते. कबरींवरचे गवत काढायचे, क्रूस पुसायचे, फुले आणि मेणबत्त्या आणायच्या, मृतांच्या मिस्सासाठी नावे लिहून द्यायची. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरला मृतांचा स्मृतिदिन. या गडबडीत ३१ ऑक्टोबरला येणारा एका साध्या माणसाचा सण कुणाच्या लक्षातही येत नाही. संत अल्फोन्सो रॉड्रिग्ज हे त्यांचे नाव. ते धर्मगुरू नव्हते, पंडित नव्हते, त्यांनी कोणताही संघ स्थापन केला नाही. स्पेनच्या मायोर्का बेटावर येशूसंघीयांच्या कॉलेजात ते दारावर बसत. कुणी आले की दार उघडायचे, हे त्यांचे काम.

आधी नावाचा एक घोळ दूर करतो. याच नावाचे, याच काळातले दुसरे एक येशूसंघीय होऊन गेले. ते धर्मगुरू होते आणि ख्रिस्ती परिपूर्णतेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या व्रतस्थांच्या वाचनात राहिला. ग्रंथ लिहिणारे रॉड्रिग्ज १६१६ साली वारले, दारावरचे रॉड्रिग्ज १६१७ साली. संत झाले ते दारावरचे.

अल्फोन्सोंचा जन्म १५३२ साली सेगोव्हिया शहरात झाला. सेगोव्हिया लोकरीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते आणि वडील दिएगो हे लोकरीचे व्यापारी. घर खाऊनपिऊन सुखी आणि भक्तिमान. संत इग्नाती लोयोला यांचे पहिले सोबती पीटर फेबर एकदा त्या भागात आले तेव्हा याच कुटुंबाकडे उतरले होते आणि छोट्या अल्फोन्सोची प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारी त्यांनी करून घेतली. (याच फेबर यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली संत म्हणून घोषित केले.) पुढे अल्फोन्सोला शिकायला आल्काला येथे पाठवले. जेमतेम वर्ष झाले नाही तोच वडील वारले आणि मुलगा शिक्षण सोडून घरी आला. धंदा त्याच्या अंगावर पडला. यथावकाश मारिया सुआरेझ या मुलीशी लग्न झाले, मुले झाली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी कुणाच्याही घरातली वाटावी अशी आहे. यापुढची गोष्टही, दुर्दैवाने, काही घरांतली आहे.

धंदा खालावत गेला. करांचा बोजा वाढलेला, गिऱ्हाईक कमी. त्यातच घरात मृत्यू शिरला आणि काही वर्षे बाहेर पडायचे नाव घेईना. मुले गेली. पत्नी गेली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी अल्फोन्सो विधुर झाले तेव्हा त्यांच्याजवळ एक लहान मुलगा तेवढा उरला होता. आईही गेली. बाप आणि लेक अल्फोन्सोंच्या अविवाहित बहिणींकडे राहू लागले. या बहिणी प्रार्थनाशील होत्या. मौन राखून ध्यान कसे करायचे, प्रभूच्या जीवनातला एखादा प्रसंग डोळ्यांपुढे आणून त्याच्यापाशी शांत कसे बसायचे, हे अल्फोन्सो या घरगुती बायकांकडून शिकले. कोणत्याही मठात नव्हे, कोणत्याही विद्यापीठात नव्हे. रोज दोन-दोन तास ते ध्यानाला बसू लागले.

याच काळातली एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. ती मी गाळणार होतो, पण गाळली तर प्रामाणिकपणा होणार नाही. आपल्या गोजिऱ्या मुलाकडे पाहताना अल्फोन्सोंच्या मनात भीती दाटली की हा मोठेपणी देवाला दुरावला तर? त्यांनी प्रार्थना केली की तसे होणार असेल तर प्रभूने त्याला आताच आपल्याजवळ न्यावे. आणि पुढे तो मुलगाही वारला.

आजच्या आई-बापाला हे ऐकवणार नाही. मलाही पहिल्यांदा वाचताना ऐकवले नाही. मूल गेलेल्या कोणत्याही घरी मी ही गोष्ट सांगायला जाणार नाही, आणि कुणी अशी प्रार्थना करावी असे तर मुळीच म्हणणार नाही. मुलाचा मृत्यू त्या प्रार्थनेमुळे झाला असेही समजू नये. परमेश्वर असे सौदे करत नाही. त्या काळी घरोघर मुले दगावत आणि पालकांच्या डोक्यावर पाप-पुण्याचे ओझे फार असे. पण या गोष्टीतून एक कळते. अल्फोन्सोंच्या लेखी स्वर्ग ही मृत्युलेखात लिहायची शोभेची गोष्ट नव्हती. आपले मूल कुठे सुरक्षित आहे, असा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी खरोखर त्या दिशेला पाहिले. मुलगा गेल्यावर ते रडले नसतील असे मला वाटत नाही.

आता घर रिकामे झाले होते. धंदा त्यांनी सोडला. येशूसंघात जावे असे वाटू लागले, पण संघाने नकार दिला. वय पस्तिशीच्या पुढे, शिक्षण अर्धवट, प्रकृती उपासतापासांनी खंगलेली. धर्मगुरू होण्याइतके लॅटिन येत नाही आणि कष्टाची कामे करण्याइतके अंगात बळ नाही, मग घ्यायचे कशासाठी? अल्फोन्सो व्हॅलेन्सियाला गेले. ओळखीच्या एका येशूसंघीय फादरांनी सल्ला दिला, तसे ते लॅटिन शिकू लागले. वर्गात सोबतीला शाळकरी पोरे. ज्याची स्वतःची मुले त्या बाकांवर बसायची, तो बाप त्या बाकांवर बसला. पोरे हसत असणार. विद्या काही फार पदरात पडली नाही. शेवटी प्रांताधिकाऱ्यांनी तपासनिसांचे मत बाजूला ठेवून त्यांना ब्रदर म्हणून संघात घेतले. हा माणूस दुसऱ्या कशाच्या उपयोगी नसला तरी संत होण्यासाठी आत येऊ शकतो, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाले, असे सांगतात. तारीख होती ३१ जानेवारी १५७१.

त्याच वर्षी त्यांना मायोर्का बेटावर पाल्मा शहरातील मोंतेसियोन कॉलेजात पाठवण्यात आले. तिथून ते परत कधी आले नाहीत. ४६ वर्षे ते त्या एका घरात राहिले आणि त्यांतली बरीचशी दारावर गेली.

दारावरचे काम काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्यापैकी काहीजण इमारतींवर, कंपन्यांत, बँकांत ते करतात. अल्फोन्सोंनी आलेल्याला आत घ्यायचे, बसवायचे, ज्याला भेटायचे त्या फादरांना किंवा विद्यार्थ्याला कॉलेजभर शोधून आणायचे, निरोप पोचवायचे, बाजारहाटाची कामे करायची, भुकेल्यांना अन्न आणि गरिबांना दान द्यायचे. कुणी रडत आले तर त्याचे ऐकून घ्यायचे. एका जागी बसायला मिळत नाही आणि एक काम पुरे होत नाही. दिवसाचे तुकडे तुकडे होतात.

अशा तुकड्यांच्या दिवसात ध्यान कसे करायचे? अल्फोन्सोंचे उत्तर फार साधे होते. घंटा वाजली की ते मनाशी ठरवत, बाहेर प्रभू उभा आहे. दाराकडे चालत जाता जाता ते प्रभूला सांगत की मी येतो आहे. मग दार उघडत. बाहेर कधी शहरातला सरदार असे, कधी उनाड विद्यार्थी, कधी तिसऱ्यांदा भीक मागायला आलेला तोच तो भिकारी. ज्याला प्रभू समजून ते दारापाशी गेले, त्याच्याशी त्याप्रमाणे वागणे मग भाग पडे. प्रभूला कुणी ताटकळत ठेवत नाही आणि प्रभूला काल आला होतास ना असे विचारत नाही.

हे मी लिहितो आहे आणि मला आपल्या धर्मगुरू निवासाची घंटा आठवते आहे. दुपारी जेवून जरा पडावे आणि ती वाजावी. एकदा अशाच दुपारी एक आजी दाराशी आल्या होत्या. त्यांना आपल्या यजमानांच्या नावाने मिस्सा सांगायची होती. कार्यालयाची वेळ फलकावर लिहिली आहे, असे मी त्यांना दाखवले. माझे म्हणणे नियमाला धरून होते. आजी काही न बोलता गेल्या. त्यांना वाचता येत नव्हते, हे मला नंतर कळले. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा केला आणि विषय संपवला, पण माझ्या मनातून तो संपलेला नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अनंतकाळाची एक व्याख्या आम्हाला पाठ करावी लागे. सहाव्या शतकातील बोएथियस या तत्त्ववेत्त्याची ती आहे. तिचा आशय असा, की अनंतकाळ म्हणजे न संपणारा लांबच लांब काळ नव्हे. संपूर्ण जीवन एकाच वेळी, काहीही न निसटता, आपले असणे म्हणजे अनंतकाळ. परीक्षेत मी ते व्यवस्थित लिहिले आणि गुणही मिळाले. त्या व्याख्येचा रोजच्या जगण्याशी काय संबंध, हे मात्र मला या दारवानाकडे पाहून कळू लागले. आपल्या हातात काळ येतो तो सुट्या पैशांसारखा, दहा मिनिटे इथे, पाच मिनिटे तिथे. परमेश्वर मात्र त्या प्रत्येक मिनिटाला पुरताच हजर असतो, थोडाथोडा वाटून नव्हे. म्हणून दार उघडण्याच्या अर्ध्या मिनिटातही त्याची पूर्ण भेट होऊ शकते. सार्वकालिक जीवनाची आशा म्हणजे पुढे कधीतरी मिळणाऱ्या पेन्शनची वाट पाहणे, असा समज आपण करून घेतो. अल्फोन्सो ज्याच्या भेटीची आशा करत होते तोच आत्ता बाहेर उभा आहे, असे मानून ते चालत गेले.

ही आशा त्यांना सुखासुखी मिळाली असे मात्र समजू नका. पुढे १६०४ पासून वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्यांनी आपल्या अंतर्जीवनाची टिपणे लिहिली. ती वाचली तर कळते की हा माणूस वर्षानुवर्षे भयंकर मोहांशी, शंकांशी आणि अपराधीपणाच्या भावनेशी झगडत होता. प्रार्थनेत कधी अपार गोडवा, तर कधी दीर्घ कोरडेपणा. आपला नाश होणार, ही भीती त्यांना सोडत नसे. शरीराला त्यांनी जे क्लेश दिले ते तर इतके कठोर होते की आजचा कोणताही आध्यात्मिक मार्गदर्शक त्यांना थांबवील. मीही थांबवीन. त्या बाबतीत त्यांचे अनुकरण करायचे नाही.

अनुकरण करायचे असेल तर त्यांच्या एका पद्धतीचे करावे. मनाला कडवटपणा आणणारे काही घडले, कुणी अपमान केला किंवा जुने दुःख वर आले, की ते ती कडू गोष्ट आपल्या आणि देवाच्या मध्ये ठेवत. ती लपवायची नाही, गिळायची नाही आणि दुसऱ्यावर ओकायचीही नाही. दोघांच्या मध्ये ठेवायची आणि तिची चव बदलेपर्यंत प्रार्थनेत बसून राहायचे. कधी लवकर बदले, कधी फार वेळ लागे. बायको आणि मुले यांच्या आठवणी त्यांनी असे किती वेळा मध्ये ठेवल्या असतील, कोण जाणे.

त्यांच्या आज्ञाधारकपणाच्या गोष्टी मात्र आमच्या सेमिनरीत हसत हसत सांगितल्या जात. कुणीतरी थट्टेने ताट खा म्हटले तर ते सुरी घेऊन ताटच खरवडू लागले. उतारवयात वरिष्ठांनी परीक्षा पाहण्यासाठी इंडीजला जायची आज्ञा केली, तर ते सरळ दाराशी आले आणि दार उघडायला सांगू लागले. जहाज कोणते, सामान कुठे, काही चौकशी नाही. या गोष्टी किती खऱ्या आणि किती भक्तांनी रंगवलेल्या, ते सोडून द्या. इतका भोळेपणा मला झेपणारा नाही. तरी दाराकडे निघालेला तो म्हातारा डोळ्यांसमोर आला की मन हलके होते.

बेल्व्हर किल्ल्याची गोष्टही मायोर्कात आवर्जून सांगतात. पाल्माबाहेर टेकडीवर हा किल्ला आहे. कडक उन्हात एका फादरांच्या सोबतीने अल्फोन्सो तो चढ चढत होते. दम लागला, घाम गळू लागला, जपमाळ हातात होती. तेव्हा पवित्र मरियेने स्वतः येऊन त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, असे परंपरा सांगते. दर्शने आपण शांतपणे घ्यावीत, ख्रिस्तसभाही तशीच घेते. पण ज्या माणसाचा घाम पुसणारे घरी कुणी उरले नव्हते, त्याच्याबद्दल ही गोष्ट सांगितली जाते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच वर्षांत आपल्या वसईचे एक सुपुत्रही व्यापार सोडून व्रतस्थ ब्रदर झाले होते. संत गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ते क्रूसावर हुतात्मा झाले तेव्हा अल्फोन्सो पाल्मात रोजच्यासारखी घंटा ऐकून उठत होते. एकाला क्रूस मिळाला, दुसऱ्याला दार. दोघेही एके काळी हिशेबाच्या वह्या लिहीत असत.

१६०५ साली पीटर क्लेव्हर नावाचा पंचविशीतला विद्यार्थी त्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायला आला. कॅटलोनियातील शेतकऱ्याचा मुलगा, स्वभावाने लाजरा, आपण धर्मगुरू व्हावे की नाही याविषयीही साशंक. दिवसा तो वर्गात बसे आणि संध्याकाळी, वरिष्ठांच्या परवानगीने, सत्तरी ओलांडलेल्या दारवानाकडे येई. त्याच्या प्राध्यापकांची नावे आज फारशी कुणाला माहीत नाहीत. अल्फोन्सोंना ध्यानात एकदा स्वर्गातील आसने दिसली आणि त्यांतले एक रिकामे आसन या क्लेव्हरसाठी राखलेले दिसले, अशी कथा आहे. एखाद्याने मग त्या पोराला प्रार्थनेच्या खोलीत जपून ठेवले असते. अल्फोन्सोंनी त्याला समुद्रापार अमेरिकेत जाण्याचा आग्रह धरला. आपण कधी न पाहिलेल्या त्या किनाऱ्यांवर किती माणसे वाट पाहत आहेत, हे ते त्याला परत परत सांगत.

क्लेव्हर १६१० साली गेला. आजच्या कोलंबियातील कार्टाहेना बंदरावर आफ्रिकेतून गुलामांची जहाजे येत. तळघरात साखळ्यांनी जखडलेली, अर्धमेली माणसे. जहाज लागले की फादर क्लेव्हर फळे, अन्न, औषधे घेऊन त्या दुर्गंधीत उतरत. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी हे केले. तीन लाखांच्या आसपास लोकांना त्यांनी स्नानसंस्कार दिला असे सांगितले जाते. दारवानाने हाताने लिहून दिलेली आध्यात्मिक टिपणांची वही त्यांनी जन्मभर जपून ठेवली.

इकडे अल्फोन्सो थकत चालले होते. दाराचे काम दुसऱ्याकडे गेले. शेवटी शेवटी त्यांची स्मरणशक्ती गेली. ज्या छोट्या प्रार्थना त्यांनी आयुष्यभर हजारो वेळा म्हटल्या, त्याही आठवेनात. आपल्या धर्मग्रामात आज काही वडीलधारी माणसे अशाच अवस्थेत आहेत. मी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला जातो तेव्हा घरची मंडळी हळूच विचारतात की फादर, यांना आता प्रार्थनाही येत नाही, तर कसे व्हायचे? मी त्यांना या म्हाताऱ्या ब्रदरांबद्दल सांगतो. त्यांना प्रार्थना आठवत नव्हती. परमेश्वराला ते आठवत होते. ख्रिस्तसभेने त्यांच्या नावापुढे संत लिहिताना त्यांच्या शेवटच्या महिन्यांतील विसर आड आणला नाही.

२९ ऑक्टोबर १६१७ रोजी त्यांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले आणि त्यानंतर त्यांच्या वेदना शांत झाल्या. दोन दिवस ते जणू गाढ ध्यानात पडून होते. ३१ तारखेला अखेरची घरघर लागली. शेवटी भानावर येऊन त्यांनी क्रूसमूर्तीचे चुंबन घेतले, येशूचे नाव घेतले आणि प्राण सोडला. सर्व संतांच्या सणाची ती पूर्वसंध्या होती. अंत्यविधीला बेटाचे व्हाइसरॉय आणि सरदार आले, आणि गर्दी करून आले ते गरीब आणि आजारी लोक. ही मंडळी इतकी वर्षे त्या दाराशी येतच होती.

१५ जानेवारी १८८८ रोजी पोप लिओ तेरावे यांनी त्यांना संत घोषित केले. त्याच दिवशी, त्याच समारंभात, पीटर क्लेव्हर यांनाही संतपद मिळाले. अल्फोन्सोंचे पवित्र अवशेष पाल्मातील त्याच मोंतेसियोन चर्चमध्ये आहेत.

मृतांच्या स्मृतिदिनाच्या मिस्सासाठी नावे देणे चालू आहे. कार्यालयाची वेळ फलकावर आहेच. ती टळली असेल, तर निवासाच्या दाराशी उजव्या हाताला घंटा आहे. दुपारी दोनला वाजवली तरी चालेल.